गॅस्ट्रोस्कोपीच्या अहवालातले आकडे आणि शब्द नेमकी कुठली जागा सांगतात?

चौकस

नमस्कार. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातली पचनसंस्था शिकून झाली आहे. अवयवांची नावं पाठ आहेत, पण दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल समोर आला की ती नावं शरीरात जागेवर बसत नाहीत. सरावासाठी मिळालेला एक नमुना अहवाल असा आहे:

«अन्ननलिका: झेड-लाइन ३६ सें.मी., हायटस ३९ सें.मी. खालच्या टोकाला एलए ग्रेड ए इसोफेजायटिस. जठर: अँट्रममध्ये एरिथेमा, बॉडी आणि फंडस नॉर्मल. आरयूटी निगेटिव्ह. डी१, डी२ नॉर्मल.»

हे ३६ आणि ३९ कुठून मोजलेले? दोन आकड्यांत ३ सें.मी.चा फरक आहे, त्याला काही अर्थ आहे का? ग्रेड ए म्हणजे किती गंभीर? अँट्रम लाल दिसतोय आणि आरयूटी निगेटिव्ह आहे, तर जंतुसंसर्ग नाही असं धरून चालायचं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

दुर्बिणवाला

आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण बाकीचा अहवाल त्यांवरच उभा आहे.

गॅस्ट्रोस्कोपीतले सगळे सेंटिमीटर वरच्या पुढच्या दातांपासून मोजतात. दुर्बिणीच्या नळीवर खुणा छापलेल्या असतात. टोक ज्या जागी आहे ती जागा दिसत असताना दातांपाशी कुठली खूण आली, तो आकडा अहवालात जातो. प्रौढ माणसात साधारण १५ सें.मी.वर क्रिकोफॅरिंजियस स्नायू, म्हणजे अन्ननलिकेचं दार. तिथून अन्ननलिका सुमारे २५ सें.मी. लांब, म्हणून ती ४०च्या आसपास जठराला मिळते. वाटेत २२-२३ सें.मी.वर महाधमनीची कमान आणि २७च्या सुमारास डावी श्वासनलिका बाहेरून टेकलेली असते. गिळलेली वस्तू अडकते ती बहुतेक वेळा याच नैसर्गिकरीत्या अरुंद जागांवर, आणि सगळ्यांत जास्त १५ सें.मी.पाशी. माणूस बुटका असेल तर हे सगळे आकडे कमी होतात. त्यामुळे ‘झेड-लाइन ३६’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आकडा नेहमी दुसऱ्या खुणेच्या जोडीनं वाचायचा.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला तीन खुणा बघतात. पहिली झेड-लाइन: अन्ननलिकेचं फिकट गुलाबी, चपट्या पेशींचं अस्तर संपून जठराचं गडद, स्तंभाकार पेशींचं अस्तर सुरू होतं ती नागमोडी रेघ. दुसरी, जठराच्या घड्यांचं वरचं टोक. अन्ननलिका आणि जठर यांचा खरा सांधा इथे धरतात. तिसरी हायटस: श्वासपटलातल्या ज्या फटीतून अन्ननलिका पोटात उतरते, तिथे बाहेरून पडणारी चिमट. निरोगी माणसात तिन्ही जवळपास एकाच पातळीवर येतात.

आता तुमचा नमुना. घड्यांचं टोकही ३६वर असेल, तर सांधा श्वासपटलाच्या ३ सें.मी. वर गेलाय, म्हणजे जठराचा तेवढा भाग छातीत सरकलाय. हा सरकता हायटस हर्निया. पण घड्यांचं टोक ३८वर असेल तर गोष्ट बदलते. मग ३६ ते ३८ हा भाग आहे अन्ननलिकेचा आणि अस्तर मात्र स्तंभाकार, म्हणजे बॅरेट्सची शंका. अशा वेळी बायोप्सी घेऊन प्राग पद्धतीनं लिहितात: सी म्हणजे पूर्ण परिघावर बदललेलं अस्तर किती सें.मी., एम म्हणजे सगळ्यांत लांब गेलेली जीभ किती सें.मी. घड्या ३८वर, पूर्ण परिघ ३७पर्यंत आणि एक जीभ ३५पर्यंत असेल, तर सी१ एम३. तुमच्या अहवालात घड्यांचा आकडाच नाही. ही त्या अहवालातली उणीव आहे, आणि ती अगदी सर्रास दिसते.

हायटसचा आकडा फसवाही असतो. दुर्बीण पुढे रेटली, की सांधा खाली ढकलला जातो आणि हर्निया लहान दिसतो. ढेकर किंवा ओकारी आली की तोच मोठा दिसतो. चिमट नेमकी कुठे आहे हे कळत नसेल तर रुग्णाला नाकानं झटकन श्वास ओढायला सांगतात. श्वासपटल आकसतं आणि जागा उघड होते. गुंगीचं औषध दिलेलं असेल तर हा उपाय हाताशी राहत नाही. म्हणून २ सें.मी.पेक्षा कमी फरकावरून हर्निया ठामपणे लिहू नये.

एलए ग्रेड म्हणजे इसोफेजायटिसची, अन्ननलिकेच्या दाहाची, प्रतवारी. इथे मोजतात ती फक्त अस्तराची खरवडलेली, स्पष्ट कडा असलेली जागा. नुसती लाली धरत नाहीत. ए म्हणजे ५ मि.मी.पर्यंत. बी म्हणजे ५ मि.मी.हून लांब, पण दोन घड्यांच्या माथ्यांमधली दरी ओलांडलेली नाही. सी म्हणजे दरी ओलांडून जखमा एकमेकींना मिळाल्या, पण परिघाच्या ७५ टक्क्यांहून कमी. डी म्हणजे ७५ टक्के किंवा त्याहून जास्त. ग्रेड ए कसलीही तक्रार नसलेल्या माणसांतही सापडतो. तेवढ्या एका ओळीवर कुणाला वर्षानुवर्षं आम्लरोधक गोळ्या लावणं मला पटत नाही. बी किंवा त्यापुढचा असेल तर मात्र रिफ्लक्सचा, म्हणजे जठरातलं आम्ल वर येत असल्याचा पुरावा म्हणून धरता येतो.

ऊतक

जठराचं मी सांगते.

अन्ननलिका उघडते तिथला लहानसा भाग कार्डिया. त्याच्या डावीकडे वर फुगलेला घुमट म्हणजे फंडस, मधला मोठा भाग बॉडी, खाली उजवीकडे निमुळता होत जाणारा अँट्रम आणि शेवटी पायलोरसचं झडपेसारखं स्नायुकडं. आतली छोटी कड म्हणजे लेसर कर्व्हेचर, बाहेरची मोठी कड ग्रेटर कर्व्हेचर. छोट्या कडेवर जिथे बाक पडतो ती इन्सिसुरा. दुर्बिणीतून बघताना बॉडीत लांब जाड घड्या दिसतात, अँट्रममध्ये पृष्ठभाग सपाट होतो. फंडस आणि कार्डिया सरळ नजरेत येत नाहीत. त्यासाठी दुर्बिणीचं टोक पूर्ण उलटं वळवावं लागतं. ‘फंडस नॉर्मल’ असं लिहिलंय आणि उलट वळवल्याचा फोटो नाही, तर त्या ओळीवर विसंबता येत नाही.

पेशीसुद्धा भागाप्रमाणे बदलतात. बॉडी आणि फंडसमध्ये आम्ल तयार करणाऱ्या पॅरायटल पेशी असतात. बी१२च्या शोषणाला लागणारा इंट्रिन्झिक फॅक्टरही त्यांचाच. पेप्सिनोजेन देणाऱ्या चीफ पेशीही इथल्याच. अँट्रममध्ये गॅस्ट्रिन सोडणाऱ्या जी पेशी असतात. त्यामुळे बॉडीचं अस्तर झिजलं तर आम्ल घटतं आणि बी१२ची कमतरता होते. अँट्रम कापून काढला तर गॅस्ट्रिनचा मुख्य स्रोत जातो. म्हणून नमुना कुठल्या भागातला हे न लिहिता बाटली आली, की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लावणं अवघड होतं. बॉडीच्या नमुन्यात अँट्रमसारख्या ग्रंथी दिसल्या तर तो आजारामुळे झालेला बदल की नमुनाच अँट्रमचा?

एरिथेमा म्हणजे लाली, एवढंच. गॅस्ट्रायटिस हे सूक्ष्मदर्शकाखालचं निदान आहे. दोन्हींचा मेळ फार कच्चा असतो: लाल दिसणारं अस्तर तपासणीत साफ निघतं आणि नितळ दिसणाऱ्या अस्तरात भरपूर दाह सापडतो. अहवाल उतरवून घेताना ‘एरिथेमा’च्या जागी ‘गॅस्ट्रायटिस’ कधीही लिहू नका. पाहिलेली गोष्ट आणि काढलेला निष्कर्ष वेगवेगळे ठेवा.

आरयूटी म्हणजे रॅपिड युरिएज टेस्ट. एच. पायलोरी हा जंतू युरिएज नावाचं विकर मोठ्या प्रमाणात बनवतो. अस्तराचा तुकडा युरिया आणि रंगदर्शक असलेल्या जेलमध्ये ठेवतात. युरियाचा अमोनिया होतो, सामू चढतो आणि पिवळा रंग गुलाबी-लाल होतो. खूप जंतू असतील तर तासाभरातच रंग पालटतो, नसतील तर किटवर दिलेल्या मुदतीपर्यंत, जास्तीत जास्त २४ तास थांबतात. त्यानंतर पालटलेला रंग धरायचा नाही, कारण इतर जंतूही तो पालटवू शकतात.

निगेटिव्ह निकालावर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोलसारख्या पीपीआय गोळ्या किमान २ आठवडे बंद होत्या का? प्रतिजैविकं आणि बिस्मथ किमान ४ आठवडे बंद होती का? आणि तुकडा एकट्या अँट्रमचा होता की बॉडीचाही? पीपीआय चालू असताना अँट्रममधले जंतू विरळ होतात आणि बॉडीकडे सरकतात. मग अँट्रमचा एकच तुकडा खोटा निगेटिव्ह देतो. नुकताच रक्तस्राव झाला असेल तरी हीच गत. तुमच्या नमुन्यात यातलं काहीच नोंदलेलं नाही. तेव्हा ‘संसर्ग नाही’ असं धरून चालू नका.

सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी सुधारित सिडनी पद्धतीत ५ तुकडे घेतात: अँट्रमचे दोन (छोट्या आणि मोठ्या कडेवरून एकेक, पायलोरसपासून २-३ सें.मी.वर), बॉडीचे दोन आणि इन्सिसुराचा एक. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये हा जंतू वाढवून दाखवला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी जठराच्या आम्लात जंतू टिकतच नाहीत अशी समजूत होती. युरिएजमुळे तयार होणारा अमोनिया त्या जंतूभोवतीचं आम्ल मारतो, म्हणून तो टिकतो. ज्या गुणामुळे तो जगतो, त्याच गुणावर आपली चाचणी चालते.

चौकस

दोघांचेही मनापासून आभार. अहवालात काय नाही हेही वाचायचं असतं, हे आत्ता कळलं.

आता पुढचं. डी१, डी२ म्हणजे ड्युओडेनमचे भाग हे माहीत आहे, पण तपासणी डी२लाच का थांबते? आणि ‘ट्राइट्झच्या वर, ट्राइट्झच्या खाली’ असं जे म्हणतात त्या बंधाला एवढं महत्त्व का?

दुर्बिणवाला

ड्युओडेनम सुमारे २५ सें.मी., सी अक्षराच्या आकाराचं, स्वादुपिंडाच्या डोक्याला वळसा घालणारं. डी१ सुमारे ५ सें.मी.; त्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे बल्ब, तो पोटाच्या पोकळीत मोकळा असतो. पुढचा सगळा भाग मागच्या भिंतीला चिकटलेला. डी२ खाली उतरतं, ८-१० सें.मी. डी३ आडवं, पाठीच्या मणक्यासमोरून उजवीकडून डावीकडे जातं, पुढे सुपिरियर मेसेंटेरिक धमनी आणि मागे महाधमनी. माणूस झपाट्यानं खंगला की त्या दोघींमधली चरबी वितळते, कोन अरुंद होतो आणि डी३ चेपलं जातं. डी४ छोटंसं, वर चढून जेजुनमला मिळतं.

डी२मध्ये जाताना एक गंमतशीर गोष्ट घडते. पायलोरस ओलांडेपर्यंत दुर्बीण जठराच्या मोठ्या कडेला टेकून लांब वळसा घेते. तिथून आणखी ढकललं की वळसाच वाढतो, टोक जागचं हलत नाही. मग टोक उजवीकडे आणि वर वळवून नळी बाहेर ओढतात. वळसा सरळ होतो आणि ओढत असतानाच टोक आत सरकत डी२मध्ये उतरतं. दातांपाशी तेव्हा ६० सें.मी.च्या आसपास खूण दिसते. म्हणून पायलोरसच्या पुढे सेंटिमीटर लिहीत नाहीत, डी१-डी२ असे भाग लिहितात.

डी२च्या आतल्या-मागच्या भिंतीवर मोठं पॅपिला असतं. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी तिथे उघडते. समोर बघणाऱ्या दुर्बिणीला ते तिरपं, ओझरतं दिसतं. नीट बघायचं किंवा नळीत शिरायचं असेल, तर बाजूला बघणारी ड्युओडेनोस्कोप लागते, ईआरसीपीत (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांच्या तपासणीत) वापरतात ती. कावीळ असलेल्या रुग्णाच्या अहवालात नुसतं ‘डी२ नॉर्मल’ असेल, तर पॅपिला पाहिलं असं गृहीत धरू नका.

डी३-डी४पर्यंत नेहमीची दुर्बीण नेता येते, पण फारसं हाती लागत नाही. नेहमीच्या तक्रारींची कारणं बहुतेक डी२पर्यंतच सापडतात. सीलिअॅकची (ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) शंका असेल तर डी२मधून किमान ४ आणि बल्बमधून एक-दोन तुकडे घ्यावेत, कारण बदल ठिगळाठिगळांनी असतो.

टाकासूत

शल्यचिकित्सेच्या बाजूनं थोडी भर.

डी१मधला अल्सर पुढच्या भिंतीवर आहे की मागच्या, हे अहवालात शोधा. पुढच्या भिंतीचा अल्सर आरपार गेला तर पोकळीत फुटतो: अचानक असह्य वेदना, पोट लाकडासारखं कडक आणि उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत श्वासपटलाखाली हवा. मागच्या भिंतीच्या मागून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी जाते. तिथला अल्सर तिला खातो आणि धो धो रक्तस्राव होतो. आजार तोच, सेंटिमीटरभर इकडे की तिकडे एवढ्यावर रुग्णाचं रूप पार बदलतं.

ट्राइट्झचा बंध हा डी४ आणि जेजुनम जिथे मिळतात तिथला टांगणीचा स्नायुपट्टा. वेन्झेल ट्राइट्झ यांनी १८५३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याच्या वरचा रक्तस्राव ‘अप्पर’. वरून आलेलं रक्त आतड्यात पचत जातं आणि शौचाला काळी, डांबरासारखी चिकट, उग्र वासाची होते. ती मेलिना. ५० ते १०० मि.लि. रक्तही त्यासाठी पुरतं. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथनं शौच काळी होते, पण चिकट होत नाही आणि तो वास येत नाही. नोंद करताना नुसतं ‘काळी’ लिहू नका, चिकट आहे का, वास कसा आहे तेही लिहा. आणि लाल रक्त म्हणजे खालचंच असंही नाही. वरून स्राव फार जोरात असेल तर रक्त पचायच्या आत लालच बाहेर पडतं. रुग्णाचा रक्तदाब पडलेला आणि नाडी धावत असेल, तर आधी वरचं कारण शोधतात.

ट्राइट्झच्या पुढचं जेजुनम आणि इलियम यांच्यात ठळक सीमारेषा नाही. वरचा साधारण दोन पंचमांश भाग जेजुनम, उरलेला इलियम. जेजुनमची भिंत जाड, आतल्या आडव्या घड्या दाट. इलियमची पातळ, मेसेंटरीत (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात) चरबी जास्त. बी१२ आणि पित्तक्षार मुख्यत: इलियमच्या शेवटच्या टोकाला शोषले जातात, आणि ते काम जेजुनमला जमत नाही. शेवटचा ६० सें.मी.हून जास्त इलियम गेला तर बी१२ बाहेरून द्यावं लागण्याची शक्यता मोठी. १०० सें.मी.हून जास्त गेला तर पित्तक्षारांचा साठा आटतो आणि स्निग्ध पदार्थ पचेनासे होतात. लहान आतड्याची लांबी माणसागणिक ३ ते ८ मीटर इतकी बदलते. म्हणून शस्त्रक्रियेच्या नोंदीत किती कापलं यापेक्षा किती उरलं हे महत्त्वाचं. २ मीटरहून कमी उरलं तर शॉर्ट बॉवेल.

शेपट्यांबद्दल चटकन, कारण वॉर्डात यावरून घोळ होतो. गॅस्ट्रॉटमी म्हणजे जठर उघडून बंद केलं, गॅस्ट्रॉस्टमी म्हणजे त्याला बाहेर तोंड काढलं, गॅस्ट्रेक्टमी म्हणजे ते काढलं. दोन अवयवांची नावं आणि शेवटी ऑस्टमी आली तर ते एकमेकांना जोडलेत: गॅस्ट्रोजेजुनॉस्टमी. इलिऑस्टमी बहुधा पोटाच्या खालच्या उजव्या बाजूला, स्राव पातळ आणि विकरांनी भरलेला. त्वचा भाजते, म्हणून ती २-३ सें.मी. चोचीसारखी वर काढतात. कोलॉस्टमी बऱ्याचदा डाव्या बाजूला असते, मळ घट्टसर असतो आणि ती सपाट ठेवली तरी चालते. इलिऑस्टमीतून दिवसाला दीड-दोन लिटरवर जाऊ लागलं तर सोडियम झपाट्यानं उतरतं. अशा वेळी साधं पाणी भरपूर पाजलं तर स्राव आणखी वाढतो. मीठ-ग्लुकोजचं द्रावण द्यावं लागतं.

चौकस

शेवटची शंका. कोलोनोस्कोपीच्या अहवालात ‘४५ सें.मी.वर पॉलिप’ असं असतं. तो आकडाही असाच खुणेच्या जोडीनं वाचायचा का?

दुर्बिणवाला

तिथे तर आकड्यावर आणखी कमी भरवसा. मोजणी गुदद्वाराच्या कडेपासून होते. मलाशयात, म्हणजे सुमारे १५ सें.मी.पर्यंत, ती भरवशाची: ५पर्यंत खालचा भाग, ५ ते १० मधला, १० ते १५ वरचा. मलाशयाच्या कॅन्सरमध्ये उपचार या आकड्यांवर ठरतात, त्यामुळे तिथे तो हवाच. त्यापुढे सिग्मॉइड सुरू होतो. तो मोकळा लोंबतो आणि दुर्बीण त्यात वळसे घेते. मोठं आतडं सुमारे दीड मीटर, पण वळसे सोडवून दुर्बीण सरळ केली तर सिकमपाशी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोचल्यावर ७०-८० सें.मी.च आत असते. वळसा असताना तेच ४५ सें.मी. सिग्मॉइडमध्ये असू शकतं आणि सरळ केल्यावर डिसेंडिंग कोलनच्याही वर, स्प्लेनिक फ्लेक्शरपाशी.

म्हणून भाग लिहितात: सिकम, असेंडिंग, हिपॅटिक फ्लेक्शर, ट्रान्सव्हर्स, स्प्लेनिक फ्लेक्शर, डिसेंडिंग, सिग्मॉइड. हेही अंदाजाचंच काम आहे, पक्क्या खुणा फक्त टोकाला मिळतात: अपेंडिक्सचं छिद्र आणि इलिओसिकल झडप. या दोन्हींचे फोटो नसतील तर तपासणी पूर्ण झाली असं मानू नये.

शस्त्रक्रिया लागेल अशी गाठ दिसली तर तिच्या गुदद्वाराकडच्या बाजूला काही सेंटिमीटर अंतरावर, परिघावर दोन-तीन ठिकाणी निर्जंतुक कार्बनची शाई टोचून ठेवतात. आधी थोडं सलाइन टोचून अस्तराखाली फुगा करायचा आणि त्यात शाई सोडायची. सरळ शाई टोचली तर ती आरपार जाऊन पोटाच्या पोकळीत सांडते. शाई गाठीच्या कुठल्या बाजूला टोचली, किती ठिकाणी आणि किती अंतरावर, ही ओळ अहवालात सापडली नाही तर शस्त्रक्रियेआधी फोन करून विचारून घ्या.